जुन्या वर्तमानपत्रांतील ‘तार’

कांहीं शब्द असे असतात कीं, ते रोज तोंडांत असूनही त्यांच्या पोटांत काय काय सांठलेलें आहे याची बोलणाऱ्याला दाद नसते. ‘तार’ हा असाच एक साधा शब्द आहे. गृहिणी लाडवांचा पाक चिमटींत धरून तो एकतारी झाला कीं दोनतारी हें पाहते. गवई तंबोऱ्याची तार जुळवून घेतो. माळी कुंपणाला तार ओढतो. तिघांचे धंदे निराळे, परंतु तिघांच्याही मनांत चित्र एकच: लांब, बारीक आणि ताणून धरलेला तंतु. फारसी भाषेंतही ‘तार’ म्हणजे तंतूच. तीन तारांचें तें ‘सेहतार’, आणि त्यावरूनच आपल्या सतारीचें नांव आलें.

या शब्दाच्या गोतावळ्यांत कांहीं परके शब्दही शिरलेले दिसतात. त्यांना आधींच बाजूस काढलेलें बरें. ‘तारतम्य’ या शब्दाचा तारेशीं कांहीं संबंध नाहीं. ‘तर’ आणि ‘तम’ या संस्कृत प्रत्ययांपासून तो झाला आहे. ‘तारांबळ’ हा शब्द लग्नाच्या मुहूर्तावर भटजी घाईघाईनें ‘ताराबल, चंद्रबल’ म्हणतात, त्यावरून आला असें सांगतात. म्हणजे ती तारा आकाशांतली. गवयाच्या तारसप्तकांतील ‘तार’ म्हणजे उंच स्वर. हे तिन्ही वगळले म्हणजे धातूची ती साधी तार तेवढी उरते, आणि तिचाच प्रवास येथें पाहावयाचा आहे. कारण जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळूं लागलें म्हणजे हा शब्द पानोपानीं भेटतो, आणि तेथें त्याचा अर्थ पाक, तंबोरा व कुंपण यांपैकीं कशाशींच जुळत नाहीं. तेथें तार ‘येते’, तार ‘सुटते’, तार ‘ठोकतात’, तार ‘म्हणते’. धातूच्या तंतूला वाचा फुटली ती केव्हां आणि कशी, हें पाहिलें म्हणजे शंभर-सवाशें वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला, त्या वेळीं हिंदुस्थानांत तारायंत्र नव्हतेंच. तेव्हां बातमीची तार त्या कोशकारांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकर यांचें ‘दर्पण’ मुंबईंत सुरू झालें. त्या काळीं बातमी ही माणसाच्या पायांनीं, घोड्याच्या टापांनीं किंवा जहाजाच्या शिडांनीं येत असे. जासूद, काशीद, हरकारा, सांडणीस्वार हीं तिचीं वाहनें. वाट जितकी लांब, तितकी बातमी शिळी. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. परंतु नानासाहेब पेशव्यांना त्याची पहिली खबर सुमारें दहा दिवसांनीं, भेलशाजवळ, सावकारी पेढीच्या एका पत्रानें कळली, आणि त्या पत्रांतही माणसांचा नाश मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेंत सांगितलेला होता. ज्या दहा दिवसांत पेशवे मदतीसाठीं उत्तरेकडे चालले होते, त्या दहा दिवसांत मदत करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नव्हतें. बातमी उशिरां येणें म्हणजे काय, याचें याहून दारुण उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत दुसरें नाहीं.

विलायतेकडील बातमीची अवस्था याहून मंद. शिडाचें जहाज आफ्रिकेला वळसा घालून यावयाचें, त्याला महिनेच्या महिने लागत. ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघून सुमारें एका महिन्यानें सुवेझला पोहोंचली, तेव्हां तांबड्या समुद्राची जवळची वाट दिसूं लागली. पुढें या वाटेनें विलायतची टपाल येऊं लागली, आणि ‘मेल आली’ हा शब्दप्रयोग मराठी वर्तमानपत्रांत रुळला. मेलेची बोट बंदरांत लागली कीं छापखान्यांत धांवपळ व्हावयाची. ‘दर्पण’, ‘प्रभाकर’ आणि १८४९ सालीं पुण्यास निघालेलें ‘ज्ञानप्रकाश’ हीं पत्रें अशा काळांत जन्मलीं. बातमी महत्त्वाची असे, पण ताजी असलीच पाहिजे अशी वाचकाची अपेक्षा नसे. महिन्यामागची लढाई तो निवांतपणें वाची.

या निवांतपणाला पहिला धक्का बसला तो कलकत्त्यास. तेथील मेडिकल कॉलेजांतले एक अध्यापक, विल्यम ओशॉनेसी, यांनीं १८३९ सालीं तारेंतून विजेनें संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. कांहीं वर्षें कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें लॉर्ड डलहौसी यांनीं तें काम मनावर घेतलें, आणि १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान पहिली तार सुरू झाली. नदीच्या मुखाशीं जहाजें आलीं कीं त्यांची वर्दी शहरांत पोहोंचावी हा तिचा एक मुख्य उपयोग. मग कामाला वेग आला. कलकत्ता ते आग्रा ही सुमारें ८०० मैलांची तार पुरी होऊन २४ मार्च १८५४ रोजीं तिच्यावरून पहिला संदेश गेला. १८५५ च्या फेब्रुवारींत हें खातें सर्व लोकांना खुलें झालें, तेव्हां कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि पेशावर हीं चार टोकें एकमेकांशीं जोडलेलीं होतीं. दर असा होता कीं, पत्त्यासुद्धां सोळा शब्दांना दर चारशें मैलांमागें एक रुपया. शब्दाला रोख किंमत आली ती अशी.

नवी वस्तु आली म्हणजे भाषेला तिचें बारसें करावें लागतें. प्रारंभीं लिहिणाऱ्यांनीं भारदस्त नांवें योजिलीं. ‘विद्युत्’ शब्द पुढें जोडून समास केले. ‘तारायंत्र’ हा शब्द चालूं झाला. परंतु बोलणारे लोक समासांचा भार फार दिवस वाहत नाहींत. यंत्र कचेरींत बंद, वीज डोळ्यांना दिसत नाहीं, दिसते ती खांबांवरून रस्त्याच्या कडेनें धांवणारी तार. तेव्हां लोकांनीं जें दिसलें त्याचेंच नांव सगळ्याला दिलें. ज्या मार्गानें संदेश गेला ती तार, जो संदेश आला तीही तार, ज्या कागदावर तो लिहिला तीही तार, आणि त्यांतली बातमी तीही तारच. साधन, साध्य आणि कागद यांना एकच शब्द पुरला. इंग्रजींत यासाठीं निरनिराळे शब्द लागले; मराठीनें एका जुन्या शब्दावर भागविलें. दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून प्रसिद्ध होऊं लागला, तोंपर्यंत हा नवा अर्थ इतका घरचा झालेला होता कीं तो कधीं नवा होता हेंही लोक विसरले होते.

परंतु हा शब्द रुळत असतांनाच त्याला रक्ताचा डाग लागला. १८५७ सालच्या ११ मे रोजीं मेरठचे शिपाई दिल्लींत शिरले. दिल्लीच्या तार कचेरींतील मुख्य अधिकारी बिघडलेली तार पाहावयास गेला तो परत आला नाहीं; मागें राहिलेल्या दोन तरुण कारकुनांनीं अंबाल्याकडे संदेश पाठविला आणि कचेरी सोडली. त्या संदेशामुळें पंजाबांतील सरकार वेळींच सावध झालें. जागोजाग बंडवाल्यांनीं तारा तोडल्या, खांब उपटले. फांसावर जाणाऱ्या एका शिपायानें तारेकडे बोट दाखवून, हीच ती गळ्याला फांस लावणारी दोरी, असे उद्गार काढल्याची आख्यायिका इंग्रज लेखकांनीं लिहून ठेवली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या काळीं तारेकडे दोन बाजूंनीं कसें पाहिलें जाई हें तिच्यांत उतरलें आहे. एका पक्षाला जी तारक, तीच दुसऱ्याला मारक. त्याच वर्षीं जूनमध्यें सरकारनें छापखान्यांना परवान्याची अट घालणारा कायदा केला; म्हणजे तार सरकारच्या हातीं मोकळी, आणि वर्तमानपत्राच्या तोंडाला मुसकें, अशी ती स्थिति होती.

यानंतर तारेनें मुंबईच्या व्यापाराला हात घातला. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. बँका, कंपन्या व शेअरें यांचा नुसता सुकाळ झाला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर लोकांनीं डोळे मिटून घेतले. इकडे इराणच्या आखातांतून समुद्राखालची तार घालण्यांत आली होती, आणि १८६५ च्या आरंभीं हिंदुस्थान आणि युरोप यांच्यामध्यें तारेचें दळणवळण सुरू झालें. संदेश पोहोंचावयास कित्येक दिवस लागत, आणि वाटेंतल्या परक्या कारकुनांच्या हातून इंग्रजी मजकुराची ओळखूं न येण्याइतकी मोडतोड होई. तरी बोटीपेक्षां ती वाट वेगवान होतीच. त्याच वर्षीं ९ एप्रिलला अमेरिकेंत जनरल ली शरण गेला. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस पोहोंचतांच कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं मुंबईच्या पेढ्या धडाधड बसल्या. ज्यांच्या दारांत काल गाड्या उभ्या होत्या त्यांचीं घरें लिलांवांत निघालीं. मुंबईच्या व्यापाऱ्याला तारेची खरी ओळख पटली ती या तडाख्यानें. पुढें न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव तारेनें येत, आणि त्यांच्या उघडत्या-मिटत्या आंकड्यांवर मुंबईंत पैज लागे; जुगाऱ्याचा ‘आंकडा’ हा शब्द त्याच तारेच्या टोकाशीं लटकलेला आहे.

सन १८७० मध्यें सुवेझ व एडनवरून मुंबईपर्यंत समुद्राखालची अखंड तार आली. तें काम त्या काळच्या सर्वांत मोठ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या आगबोटीनें केलें. आतां लंडनची बातमी मुंबईस येण्याचा हिशेब दिवसांचा न राहतां तासांचा झाला. या तारेवरून बातम्या विकण्याचा धंदा करणारी रूटरची कंपनी १८६६ सालींच मुंबईंत आलेली होती. तेव्हांपासून ‘रूटरची तार’ हे दोन शब्द मराठी वर्तमानपत्रांत जोडीनें नांदूं लागले. लढाई, बादशहाचें आजारपण, मंत्रिमंडळाचा पाडाव, घोड्यांच्या शर्यती, सगळें कांहीं ‘रूटर म्हणतो’ या दोन शब्दांनीं सुरू होई. रूटर हा कोण, कोठला, त्याला हें कोणीं सांगितलें, असा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येई.

जुनीं पानें वाचणारानें येथें थोडें थांबलें पाहिजे. त्या काळचे संपादक बातमीबरोबर ती कोणत्या वाटेनें आली हेंही बहुधा सांगत. एखादी गोष्ट ‘तारेनें कळते’, दुसरी ‘पत्रावरून समजते’, तिसरी ‘आमचा बातमीदार लिहितो’, आणि चवथी नुसतीच ‘ऐकिवांत आहे’. ही केवळ लिहिण्याची ढब नव्हती. बातमीच्या खरेपणाच्या त्या पायऱ्या होत्या. ‘ऐकिवांत आहे’ याचा अर्थ वाचकानें मिठाच्या खड्याइतकाच विश्वास ठेवावा. ‘पत्रावरून समजतें’ म्हणजे लिहिणारा कोणी तरी जबाबदार आहे. आणि ‘तारेनें कळतें’ म्हटलें कीं वाद संपला. ज्या गोष्टीसाठीं शब्दागणिक पैसे मोजले ती खोटी कशी असेल, असा साधा व्यवहारी तर्क त्यामागें असावा. यामुळें ‘तार’ या शब्दाला बातमीपलीकडचा एक अर्थ चिकटला. तो म्हणजे प्रमाण. गांवच्या पारावर दोघांचा वाद लागला असतां ‘तार आली आहे’ एवढें म्हटल्यानें एकाची बाजू पडे.

हा विश्वास मात्र नेहमींच सुस्थानीं नसे. तारेचें एक टोक वाचकाजवळ होतें, परंतु दुसरें टोक कोणाच्या हातांत होतें, हें महत्त्वाचें. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील वर्तमानपत्रांना जखडणारा कायदा केला. त्या कायद्याला विलायतच्या सरकारची संमति तारेनें मागविण्यांत आली, आणि १४ मार्च रोजीं कायदेकौन्सिलाच्या एकाच बैठकींत तो पसार झाला. बोटीनें कागद जाऊन येते तर मधल्या दोन महिन्यांत लोकांना हरकत घेतां आली असती. तारेनें ती सवड काढून घेतली. हा कायदा १८८२ सालीं रद्द झाला. पण ज्या तारेच्या बातम्या हीं पत्रें कौतुकानें छापीत तीच तार त्यांच्या विरुद्ध वापरली गेली, हा धडा राहिलाच. त्यापाठोपाठ १८८५ चा तारेचा कायदा आला. सार्वजनिक संकटाच्या प्रसंगीं कोणाचीही तार अडविण्याचा व पाहण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. राज्य बदललें, पण हा कायदा टिकला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याची जागा घेईपर्यंत त्याचें नांव ‘तार कायदा’ असेंच होतें, आणि टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकण्याचा अधिकारही त्याच जुन्या नांवाखालीं चालत होता.

तथापि तारेनें आणलेल्या सर्वच बातम्या सरकारच्या सोयीच्या नव्हत्या. १८९२ च्या जुलैंत दादाभाई नवरोजी लंडनच्या एका मतदारसंघांतून अवघ्या कांहीं मतांनीं पार्लमेंटांत निवडून आले, तें हिंदुस्थानास तारेनें कळलें आणि ठिकठिकाणीं आनंद झाला. १९०५ च्या मेअखेर जपाननें सुशिमाच्या सामुद्रधुनींत रशियाचें आरमार बुडविलें. ती तार लंडनमार्गें आलेली आणि परक्या कंपनीची होती, परंतु ती वाचून आशियांतील लोकांना जो हुरूप चढला तो कंपनीनें पाठविलेला नव्हता. तारेंत शब्द असतात. अर्थ वाचणारा लावतो.

तारेच्या या प्रामाण्याला मोठा तडा गेला तो १९१२ सालीं. एप्रिलच्या १४ तारखेच्या रात्रीं ‘टायटॅनिक’ ही बोट हिमनगावर आदळली आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे बुडाली. दीड हजारांवर माणसें मेलीं. परंतु आरंभीं आलेल्या तारांवर विसंबून कित्येक वर्तमानपत्रांनीं सर्व उतारू वांचल्याचें छापलें होतें. खोटें कोणीं मुद्दाम सांगितलें नव्हतें. अर्धवट संदेशांची भेसळ झाली होती. वेगानें आलेली बातमी आणि खरी बातमी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें त्या दोन दिवसांत हजारों कुटुंबांना फार कठोर रीतीनें कळलें.

छापखान्यांतील लेखणीवरही तारेचा संस्कार झाल्यावांचून राहिला नाहीं. तार इंग्रजींत येई, आणि शब्दाला पैसे पडत असल्यामुळें तिच्यांत क्रियापदें, अव्ययें व विशेषणें गाळलेलीं असत. देशी पत्राच्या उपसंपादकाला त्या सांगाड्यावर मांस चढवून मराठी वाक्य उभें करावें लागे. रात्रीच्या वेळीं, दिव्याच्या उजेडांत, पृष्ठ अडलेलें असतांना हें काम व्हावयाचें. त्यांत कधीं स्थळांचीं नांवें ओळखूं येईनाशीं होत, तर कधीं जिंकणारा कोण व हरणारा कोण याचाच घोटाळा होई. पण या कामानें मराठीला एक वळणही लागलें. जुन्या पंडिती गद्यांतलीं लांबलचक वाक्यें तारेच्या बातमींत टिकत ना. काय झालें, कोठें झालें, कोणाला झालें, एवढें सांगून वाक्य संपूं लागलें. साप्ताहिकांना सवड असे. दैनिकांना ती नसे. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ सालीं दैनिक झालें, आणि नंतर एकामागून एक दैनिकें निघालीं, तेव्हां हें आंखूड वाक्य मराठी वर्तमानपत्राचें नेहमींचें वाक्य बनलें.

आतां वर्तमानपत्राचें पान बाजूस ठेवून घराच्या उंबऱ्याशीं यावें. जगाच्या बातम्या आणणारी तार सामान्य गृहस्थाच्या घरीं मात्र वर्षानुवर्षें येत नसे. एका कार्डावर काम भागत असतां कोण तार करणार? ज्याला थांबतां येत नाहीं तेंच तारेनें कळवावयाचें. आणि न थांबणारी गोष्ट म्हणजे बहुधा आजार किंवा मृत्यु. यामुळें छापील पानावर ज्या शब्दाचा अर्थ ‘खात्रीची बातमी’ होता, त्याचाच घरांत ‘वाईट बातमी’ असा अर्थ झाला. सायकलवरचा तारवाला वाड्याच्या दारांत थांबला कीं सगळ्या बिऱ्हाडांच्या काळजाचा ठोका चुके. त्यांतून मजकूर इंग्रजी. तेव्हां ज्याच्या नांवाची तार, त्यानें ती हातांत घेऊन शेजारच्या इंग्रजी शिकलेल्या माणसाकडे जावयाचें. तो वाचीत असतां सर्वांचे डोळे कागदावर नसत, त्याच्या तोंडाकडे असत. तारेंतल्या चार शब्दांआधीं त्याच्या चेहऱ्यानें बातमी दिलेली असे. पगारवाढीची, परीक्षा उतरल्याची किंवा मुलगा झाल्याची तारही येई, पण तीसुद्धां फोडण्यापूर्वीं घर एकदां भीतीनें गारठून निघे. देवनागरी लिपींत तार घेण्याची सोय सुरू झाली ती १९४९ सालीं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षें या देशांतील बहुतेकांनीं आपल्या घरचें मरण परक्या भाषेंत, परक्याच्या तोंडून ऐकलें.

‘तारा तोडणें’ हा आणखी एक प्रयोग जुन्या बातम्यांत वारंवार येतो. १८५७ मध्यें तो आला, आणि १९४२ च्या ऑगस्टनंतर पुन्हां आला. ९ ऑगस्ट रोजीं गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले आणि देशभर ठिकठिकाणीं तारा तुटल्या, खांब पडले. दोन्ही वेळीं लोकांनीं नेमक्या त्याच वस्तूवर हात टाकला. राज्याची नाडी कोठें लागते हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. मधल्या काळांत, १९०८ सालीं, खुद्द तार खात्यांतील नोकरांनींच संप केला, तेव्हां व्यापारी, वर्तमानपत्रें आणि सरकार या तिघांचेही हात एकदमच बांधले गेले होते. तार चालूं असतांना तिची आठवण कोणाला होत नाहीं. ती थांबली म्हणजे तिच्यावर काय काय टांगलेलें आहे तें दिसतें.

पुढें शास्त्रानें तारेवांचूनच संदेश पाठविण्याची युक्ति काढली. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अदृश्य लहरींचा प्रयोग दाखविला. मार्कोनी यांनीं १९०१ सालीं अटलांटिक महासागरावरून खूण पोहोंचविली. मराठीनें पुन्हां आपला जुनाच शब्द काढला आणि त्याच्या मागें एक नकार जोडला: ‘बिनतारी’. वस्तु नाहींशी झाली, पण नांव देतांना तिच्याच अभावाचें नांव द्यावें लागलें, इतकी ती अंगवळणीं पडली होती. १९२७ च्या जुलैंत मुंबईंत नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, आणि घरांत बसून बातमी कानांनीं ऐकण्याचा काळ आला. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळीं गांधीजींच्या हत्येची बातमी लाखों लोकांनीं तारेनें वाचली नाहीं, नभोवाणीवर ऐकली. आणि ती ऐकतांना इंग्रजी जाणणारा शेजारी शोधावा लागला नाहीं.

तार मात्र त्यानंतरही पांसष्ट वर्षें जिवंत होती. टेलिफोन घरोघरीं आला, मग खिशांत आला, आणि १४ जुलै २०१३ च्या रात्रीं हिंदुस्थानांतील तारखातें बंद झालें. शेवटच्या दिवशीं कित्येकांनीं केवळ आठवण म्हणून आपल्या आप्तांना तारा केल्या. शंभरावर वर्षें ज्या कागदाला लोक भ्याले, तोच कागद चौकटींत लावण्यासाठीं रांगा लागल्या.

आजच्या शाळेंतील मुलाला एखाद्या जुन्या कथेंत ‘तार आली’ एवढ्या दोन शब्दांवर घरांतल्या बायका कां रडूं लागल्या, हें समजावून सांगावें लागतें. त्याच्या ओळखीची तार विजेच्या बटणाशीं आणि कुंपणाशीं संपते. फार तर राजकारणांतल्या ‘तारेवरच्या कसरती’विषयीं त्यानें वाचलेलें असतें. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्याकडे बातमी दिवसांतून शंभरदां येते, फुकट येते, आणि ती कोणत्या वाटेनें आली हें बहुधा कोणीच सांगत नाहीं. तारेनें कळलें, पत्रानें कळलें, कीं नुसतें ऐकिवांत आलें, हा जुन्या संपादकांचा भेद मोडून सर्वच बातम्या एका पंक्तीला बसल्या आहेत. जुन्या फाइलींतली ती तीन-चार शब्दांची सूचना, बातमीच्या आधीं नम्रपणें उभी राहिलेली, वाचकाला एवढेंच सांगत असे कीं, ही गोष्ट कोणाच्या हातून आली हें पाहून मग विश्वास ठेवा. तार गेली तरी ती सूचना जुनी झालेली नाहीं.